दोन अटींचे गणित



आजच्या विषयात ‘असमानता’ हा शब्द वाचून काही मंडळी समाजातील उच्चनीचतेवर चार खडे बोल ऐकायला मिळतील या अपेक्षेने आली असतील. त्यांची थोडी निराशा होणार आहे. आमची असमानता बीजगणितातली आहे. एक संख्या दुसरीपेक्षा लहान आहे की मोठी, एवढाच तिचा प्रश्न. परंतु सातारा-सांगलीच्या माणसाला हा प्रश्न दरवर्षी जुलै-ऑगस्टात दारात येऊन विचारला जातो, म्हणून वसंतातल्या या संध्याकाळी तो मांडावा असे आम्हांला वाटले. पूर आल्यावर गणित शिकवायला कोण बसणार?

शाळेत आपण समीकरणे पुष्कळ सोडवतो. डावी बाजू उजव्या बाजूइतकी, आणि उत्तर एकच: क्ष बरोबर सात. मुलांना यात मोठे समाधान असते, कारण पुस्तकाच्या मागे सात छापलेले असते. व्यवहारात मात्र ‘बरोबर इतके’ असे फारच थोडे असते. आपली भाषाच पाहा. ‘निदान दोन पोती’, ‘फार तर आठ दिवस’, ‘पाचाच्या आत ये’, ‘पन्नाशीच्या वरचा असेल’ असेच आपण बोलतो. निदान म्हणजे तितके किंवा त्याहून अधिक. फार तर म्हणजे तितके किंवा त्याहून कमी. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तीही या चार शब्दांत कधी घोटाळा करीत नाही. घोटाळा होतो तो फळ्यावर चिन्ह आले म्हणजे.

ही चिन्हे तशी फार जुनी नाहीत. लहान-मोठेपणाची आजची दोन टोकदार चिन्हे टॉमस हॅरिअट या इंग्रज गणित्याच्या ग्रंथात १६३१ साली छापली गेली; तो स्वतः दहा वर्षांपूर्वीच वारला होता. खाली रेघ देऊन ‘किंवा तितकेच’ असा अर्थ दाखविण्याची सोय पुढे शतकभराने पिएर बूगेर या फ्रेंच पंडिताने केली. चिन्हांखेरीज विचार मात्र आपल्याकडे होता, त्याचे उदाहरण आम्ही पुढे देणार आहोत.

आता सांगलीच्या आयर्विन पुलाकडे चला. हा पूल १९२९ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्याजवळ पाण्याची उंची मोजण्याची फुटांची पट्टी आहे. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटले की नमस्काराच्या आधी ‘किती झाले?’ असे विचारतात, आणि समोरचा फुटांत उत्तर देतो. बंधूंनो, ही पट्टी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून शाळेतली संख्यारेषाच आहे, फक्त उभी केलेली. आडवी रेषा पाहून ज्या मुलाला जांभई येते त्याला ही उभी रेषा दाखवावी.

या पट्टीवर चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. पाण्याच्या उंचीला ‘प’ म्हणू. पाणी इशारा पातळीला पोचले आहे, पण धोक्याला नाही, ही स्थिती बीजगणितात अशी लिहितात: ४० ≤ प < ४५. ही एक असमानता नव्हे, दोन आहेत. प निदान चाळीस आहे, ‘आणि’ प पंचेचाळिसाच्या आत आहे. दोन्ही अटी एकाच वेळी खऱ्या असल्या पाहिजेत. अशा जोडीला संयुक्त असमानता म्हणतात. संख्यारेषेवर चाळिसाशी भरीव टिंब काढायचे, कारण चाळीस आत धरलेले आहेत. पंचेचाळिसाशी पोकळ वर्तुळ, कारण तिथे धोका सुरू झालेला असतो. आणि मधली रेषा ठळक करायची. आलेख तो एवढाच. भरीव आणि पोकळ यांतला भेद मुलांना नखरा वाटतो. पण अठरा वर्षे ‘पूर्ण’ झालेल्याला मत देता येते, एक दिवस कमी असलेल्याला येत नाही. पस्तीस गुण मिळालेला पास होतो, चौतीसवाला राहतो. टिंब भरीव की पोकळ हे त्या चौतीसवाल्याच्या बापाला विचारा.

समजा संध्याकाळी सहा वाजता पाणी एकतीस फुटांवर आहे आणि तासाला नऊ इंच, म्हणजे पाऊण फूट, चढते आहे. ‘त’ तासांनी उंची किती? ३१ + (३/४)त. ही इशारा आणि धोका यांच्या दरम्यान केव्हा असेल? लिहा: ४० ≤ ३१ + (३/४)त < ४५. तिन्ही भागांतून एकतीस वजा करा: ९ ≤ (३/४)त < १४. तिन्ही भागांना चाराने गुणा, तिनाने भागा: १२ ≤ त < १८ २/३. म्हणजे पहाटे सहाला इशारा आणि दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी धोका. मधले सहा तास चाळीस मिनिटे ही तुमची मुदत. गुरे सोडणे, धान्य माळ्यावर टाकणे, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोचविणे, हे सारे त्या ठळक केलेल्या रेषेच्या तुकड्यात बसवायचे आहे. मधल्या भागाला जे केले ते दोन्ही टोकांनाही करायचे, एवढा एकच नियम येथे लागला. एका टोकाला विसरणारी मुले वर्गात दरसाल निघतात.

नदी काही शाळामास्तरांच्या सांगण्याप्रमाणे सरळ रेषेत चढत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून निघालेली कृष्णा, कराडला प्रीतिसंगमावर तिला मिळणारी कोयना, सांगलीजवळ हरिपूरला मिळणारी वारणा, आणि खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. ती फुगलेली असली म्हणजे वरचे पाणी लवकर उतरत नाही. इतक्यांच्या मनात काय आहे ते एका दरात कसे मावेल? म्हणून शहाणा माणूस दरही पट्ट्यातच धरतो. समजा वाढ तासाला निदान अर्धा फूट आणि फार तर एक फूट आहे. नऊ फूट चढायला किती वेळ? एका फुटाच्या दराने नऊ तास, अर्ध्याच्या दराने अठरा. तेव्हा ९ ≤ त ≤ १८. दराचे मोठे टोक वेळेचे लहान टोक झाले, हे लक्षात घ्या. आणि सामान बांधायचे ते नवावर नजर ठेवून, अठरांवर नव्हे. दर दोन-तीन तासांनी नवा आकडा घेऊन हिशेब पुन्हा मांडायचा.

आता पूर ओसरू लागला. पाणी बावन्न फुटांवर आहे आणि तासाला अर्धा फूट उतरते आहे. धोक्याच्या खाली, पण अजून इशाऱ्यात, असे केव्हा असेल? ४० ≤ ५२ − (१/२)त < ४५. बावन्न वजा केले: −१२ ≤ −(१/२)त < −७. आता उणे दोनाने गुणायचे, आणि येथेच निम्मा वर्ग आपटतो. उणे संख्येने गुणले की चिन्हे उलटतात: २४ ≥ त > १४. सरळ लिहिले तर १४ < त ≤ २४. मुले हा नियम पाठ करतात आणि आठ दिवसांत विसरतात, कारण तो का, हे कोणी सांगत नाही. ओसरत्या नदीत वेळ जितका जास्त तितके पाणी कमी. जे पाण्याच्या बाजूने पाहता वरचे टोक, ते वेळेच्या बाजूने पाहता आधीचे टोक. क्रमच उलटला, मग चिन्ह कसे उलटणार नाही? भरीव टिंबही खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे गेले. बरोबर चौदा तासांनी पाणी नेमके पंचेचाळिसावर असते, म्हणजे धोका अजून उठलेला नसतो. घराच्या ओढीने माणसे येथेच घाई करतात.

आमचा हा आग्रह पोकळ नाही. २००५ साली आयर्विन पुलाजवळ पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढे गेले होते. ते लोकांनी मनात कायमची शेवटची खूण म्हणून धरले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेले. ‘२००५ ला इथवर आले नव्हते, आता कसे येईल?’ असे म्हणत कित्येक कुटुंबे घरात थांबली. एकदा आलेली सर्वांत मोठी संख्या ही वरची मर्यादा नसते, एवढी साधी गोष्ट ती. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर नेणारी नाव उलटली आणि माणसे, त्यांत बायका-मुले, बुडाली. त्यावर आम्ही अधिक बोलणार नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चौपन्न फुटांच्या वर गेले.

‘आणि’ झाले, आता ‘किंवा’ घेऊ. नदीकाठच्या शेतकऱ्याची मोटर घ्या. पाणी समजा आठ फुटांच्या खाली गेले तर ती हवा ओढते. वीस फुटांच्या वर आले तर ती स्वतःच बुडते. मोटर बंद ठेवायची केव्हा? प < ८ किंवा प > २०. दोहोंपैकी एक खरे असले की पुरे. संख्यारेषेवर हे दोन तुकडे होतात, एक डावीकडे पळणारा, एक उजवीकडे. मधे मोकळी जागा, आणि तीच मोटर चालविण्याची जागा. हुशार मुले थोडक्यात लिहिण्याच्या हौसेने २० < प < ८ असे लिहून मोकळी होतात. हे वाचून पाहा: वीस आठांपेक्षा लहान झाले! ‘किंवा’ची जोडी एका साखळीत ओवता येत नाही. आपल्या बोलीतला ‘किंवा’ थोडा लबाडही आहे. ‘चहा घेणार किंवा कॉफी?’ असे विचारले असता दोन्ही मागणाऱ्याला आपण अगोचर म्हणतो. गणितातला ‘किंवा’ मात्र उदार, त्याला दोन्हीही चालतात.

मघाशी कबूल केलेले उदाहरण आता देतो. भास्कराचार्यांनी इ. स. ११५०च्या सुमारास लिहिलेल्या बीजगणितात वानरांचा एक प्रश्न आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे राहील त्याचा वर्ग केला तितकी वानरे गुहेत शिरली, आणि एक बाहेर फांदीवर दिसते. तर कळप किती? समीकरण सोडविले तर दोन उत्तरे येतात, पन्नास आणि पाच. दोन्ही ताडून पाहा, दोन्ही जुळतात. आचार्यांनी पाच हे उत्तर नाकारले. का? पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. आणि उणे दोन वानरे कोणी पाहिली आहेत? आजच्या भाषेत, समीकरणाच्या जोडीला त्यांनी ‘आणि क्ष/५ ≥ ३’, म्हणजे ‘क्ष निदान पंधरा’, अशी अट घातली. चिन्ह नव्हते, अट होती.

आता राहिला तो अवघड भाग. दोन अटी ‘आणि’ने जोडल्या की त्यांचा सामाईक तुकडा निघतो. तो निघालाच नाही तर?

कोयनेच्या धरणात आज सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. पुराच्या बाजूचा माणूस म्हणतो, ऑगस्टच्या मध्याला धरणात जागा ठेवा, पुढची सर आली तर झेलता आली पाहिजे. दुष्काळाच्या बाजूचा म्हणतो, पावसाळा संपताना धरण भरलेलेच हवे. तोही खोटे बोलत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत जाऊन पाहा. म्हसवडच्या बाजूला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना कृष्णेच्याच पाण्यावर चालतात. शिवाय कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करायची, त्यावरही बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसींची मर्यादा घातली, म्हणजे आणखी एक असमानता.

आकडे आमच्या पदरचे धरा. खरे आकडे दरसाल वेगळे असतात. साठ्याला ‘स’ म्हणू. पूरवाल्याला वीस टीएमसी जागा रिकामी हवी: स ≤ ८५. दुष्काळवाल्याच्या हिशेबाने वाईट वर्षीही पुढे पंचवीस टीएमसी येतील: स + २५ ≥ १०५, म्हणजे स ≥ ८०. दोन्ही मिळून ८० ≤ स ≤ ८५. पट्टा अरुंद, पण पट्टा आहे, आणि अधिकाऱ्याने धरण त्यात ठेवावे. आता पुढे पंधराच येतील असे धरले तर? स ≥ ९०, आणि तिकडे स ≤ ८५. संख्यारेषेवर एक तुकडा डावीकडे, दुसरा उजवीकडे, मधे पाचाची फट. उकल नाही. येथे कितीही हुशार अभियंता बसवा, उकल निघणार नाही, कारण ती नाहीच. मग कोणती तरी अट सैल करावी लागते: रिकामी जागा कमी करा, की धरण अपुरे राहण्याचा धोका पत्करा, की पावसाचा अंदाज अधिक नेमका करून पंधराचे वीस करता येतात ते पाहा. वीस केले की स ≥ ८५, आणि फट मिटून पंच्याऐंशी हा एकच बिंदू उरतो.

वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजू एकमेकींना अडाणी म्हणतात तेव्हा आम्हांला वाटते, दोघांनी आपापली अट आकड्यात लिहून एकाच रेषेवर मांडावी. अलमट्टीचा वादही असाच आहे. ५१९.६० मीटर ही तिथली मंजूर पातळी. २०१० साली दुसऱ्या लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली, आणि त्यावर आपल्याकडून हरकती झाल्या. तो वाद न्यायालयांचा आणि तज्ज्ञांचा. त्याचा निकाल आम्ही या व्यासपीठावरून लावू शकत नाही. कोणती अट सैल करायची, हे बीजगणित सांगत नाही. अटी एकत्र नांदू शकत नाहीत, एवढेच ते सांगते.

समोर शाळेची मुले बसली आहेत, त्यांच्यासाठी फळ्यावर एक उदाहरण लिहून ठेवतो. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी एकोणचाळीस फूट, धोका त्रेचाळीस. रात्री नऊ वाजता पाणी तेहेतीस फुटांवर आहे असे धरा, आणि तासाला चार इंच चढते. इशाऱ्यात पण धोक्याबाहेर ते केव्हापासून केव्हापर्यंत राहील? रेषा उभी काढा, आडवी नको. आणि कोणते टिंब भरीव, कोणते पोकळ, ते खाली एका वाक्यात कारणासह लिहा.