बड्या कंपन्यांशीं सहकार्य करावें काय?



आजचा विषय दिसावयास तांत्रिक असला तरी मुळांत तो व्यवहारनीतीचा आहे. संगणकाकडून कामें करून घेण्यासाठीं ज्या आज्ञावली लिहितात, त्यांचे दोन पंथ आहेत. कांहीं कंपन्या आपली मूळ संहिता कुलुपांत ठेवून केवळ वापराचा परवाना विकतात. उलटपक्षीं, कांहीं मंडळी ती संहिता सर्वांस वाचण्यास, सुधारण्यास व वांटण्यास मोकळी ठेवतात. या दुसऱ्या पंथानें पहिल्याशीं संबंध ठेवावा कीं सोंवळें पाळावें, असा हा वाद आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा आरंभ केला. २००१ सालीं मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनीं त्या लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. आणि त्याच कंपनीनें २००९ सालीं सुमारें २०,००० ओळींची संहिता लिनक्सला अर्पण केली! हें औदार्य निर्हेतुक नव्हतें. आपल्या प्रणालीवर लिनक्स नीट चालावें, हा कंपनीचा स्वार्थ त्यांत होता. परंतु नांवासाठीं बांधलेल्या घाटावरही गांव पाणी भरतेंच.

मग भीति कसली? तिचें उत्तर ‘ओपनऑफिस’च्या इतिहासांत सांपडतें. लेखन, हिशेब इत्यादि कामांची ही आज्ञावली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या आश्रयानें वाढली. २०१० सालीं ती कंपनी ओरॅकलच्या ताब्यांत गेली, आणि तिच्याबरोबर प्रकल्पाचें नांवही नव्या धन्याकडे गेलें. साशंक झालेल्या अनेक कार्यकर्त्यांनीं त्याच वर्षीं सप्टेंबरांत निराळी संस्था काढली व ‘लिब्रेऑफिस’ या नांवानें काम पुढें चालविलें. परवाना मुक्त असल्यामुळें संहिता त्यांच्यासवें आली. दहा वर्षांत कमावलेलें नांव मात्र मागें राहिलें.

लिनक्सवर असा प्रसंग येणें कठीण. तेथें लेखनाचें स्वामित्व असंख्य लेखकांच्या व त्यांच्या मालकांच्या हातीं विखुरलेलें आहे. एका करारानें तें विकत घेतां येत नाहीं.

कित्येक म्हणतात, संबंधच नको. परंतु लिनक्सचें बरेंचसें काम आज कंपन्यांचे पगारी लोकच करतात. त्यांना दार लावल्यास पावित्र्य राहील, पण काम खुंटेल. तेव्हां सहकार्य अवश्य करावें. मात्र नांव, स्वामित्व आणि निर्णयाचा अधिकार हीं तिन्ही एकाच धन्याच्या पेटींत ठेवूं नयेत. दात्याचा हेतु तपासण्यापेक्षां कराराचीं कलमें तपासणें अधिक श्रेयस्कर. कारण हेतु मालकाबरोबर पालटतो, कलम पालटत नाहीं.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नाहीं. आपल्या मुलांच्या शाळेंत वा कचेरींत एखादी आज्ञावली घेतांना तिच्या किंमतीबरोबर तिचा धनी कोण, हेंही आपण विचारावें. आज लिहिलेले आपले मराठी कागद वीस वर्षांनीं उघडतील कीं नाहीं, हें बऱ्याच अंशीं त्या उत्तरावर अवलंबून आहे.