एक दिवस, एक खोरं

आपल्याकडची सात-आठ मित्रमंडळी एकत्र येऊन इटलीचा बेत आखतात, तेव्हा त्यात एक दिवस हमखास ‘कंट्रीसाइड’साठी राखलेला असतो. मुक्काम बहुधा फ्लॉरेन्सला. सकाळी सातला गाडी निघायची, आधी सिएना, मग द्राक्षमळ्यावर जेवण, दुपारी सान जिमिन्यानोचे उंच मनोरे, परतताना पिसाचा कललेला मनोरा आणि रात्री आठला पुन्हा हॉटेल, असा तो ठरीव कार्यक्रम. आज मला या एका दिवसाबद्दल बोलायचं आहे. माझं मत सांगून टाकतो. हा कार्यक्रम खेड्यापाड्याच्या नावाने शहरं दाखवतो आणि ज्यासाठी निघालो ते शिवार काचेबाहेर राहून जातं. तोच दिवस आणि तेच पैसे त्याच मंडळींसोबत एका खोऱ्यात घालवले, तर इटलीच्या ग्रामीण भागाची खरी ओळख होऊ शकते. त्या ओळखीसाठी एकट्या प्रवाशापेक्षा मित्रांचा गट अधिक उपयोगाचा, असंही मला वाटतं.

आधी वेळेचा हिशेब मांडू. फ्लॉरेन्स ते सिएना सुमारे ७० किलोमीटर. तिथून सान जिमिन्यानो, पुढे पिसा, मग परत. दिवसाचे चार-पाच तास बसल्या जागी जातात. या जुन्या गावांच्या तटबंदीच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, त्यामुळे गाडी खाली लावायची, चढ चढून वर जायचं आणि ठरल्या वेळी खाली यायचं. एका गावाला तास-दीड तासापेक्षा जास्त मिळत नाही. सिएनासारखं शहर तेवढ्यात पाहणं हा त्या शहरावरही अन्याय आहे. मुख्य म्हणजे ही गावं खेडी नव्हेतच. सिएना हे सावकारांचं आणि व्यापाऱ्यांचं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. सान जिमिन्यानोत एके काळी बहात्तर मनोरे होते असं सांगतात. त्यांतले जेमतेम चौदा उरले आहेत. ते श्रीमंत घराण्यांनी एकमेकांच्या चुरशीने बांधलेले. दोन शहरांच्या मधलं जे हिरवं-पिवळं दिसतं, ते मात्र कोणी केलं, कसं केलं, हे विचारायला कुणालाही सवड नसते.

आणि ते खरोखर कोणीतरी केलेलं आहे. फ्लॉरेन्स-सिएनाच्या या टस्कनी प्रांताचा देखावा निसर्गाने फुकट दिलेला नाही. सुमारे सहाशे वर्षं या मुलखाची शेती ‘मेझाद्रिया’ नावाच्या पद्धतीने चालत होती. आपल्याकडे अर्धेलीने जमीन करणं म्हणतात, त्याच जातीची ही पद्धत. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं, आणि पीक निम्मं-निम्मं. मालक शहरात राहायचा. त्याचा कारभारी अनेक शेतांवर देखरेख करायचा. प्रत्येक शेताला त्याचं स्वतःचं घर होतं आणि शेत जेवढं मोठं तेवढंच कुटुंब मोठं असावं, अशी मालकाची अपेक्षा असे. घरात लग्न ठरलं तरी त्याची परवानगी लागायची, कारण एक माणूस वाढला की खाणारं तोंड वाढतं आणि एक गेला की राबणारे हात कमी होतात.

आता हे डोक्यात ठेवून टेकडीकडे बघा, म्हणजे दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण सापडायला लागतं. घरं गावठाणात न राहता एकेकटी शेतात का उभी आहेत? राबणाऱ्याने शेतातच राहावं म्हणून. टेकडीच्या माथ्यावर का? खालची चिकणमाती पावसात सरकते आणि पाणी धरते म्हणून. क्यांती या भागात गहू, द्राक्षं आणि ऑलिव्ह एकमेकांच्या शेजारी, लहान लहान तुकड्यांत का होते? कुटुंबाला भाकरी, वाइन आणि तेल सगळं त्याच जमिनीतून काढावं लागे म्हणून. द्राक्षाचे वेल झाडांवर चढवलेले असत आणि दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात गहू पेरलेला असे. आज दिसणाऱ्या तारांवरच्या सरळ ओळी ट्रॅक्टर आल्यानंतरच्या. घराचं तळमजल्यावरचं दालन म्हणजे गोठा. तिथे क्यानिना जातीचे पांढरे, थोराड बैल बांधत. त्यांच्या अंगाची ऊब वरच्या खोल्यांना मिळे. वर जायचा दगडी जिना बाहेरून. अंगणात खळं, बाजूला पावाची भट्टी, छपरावर कबुतरांचा खुराडा. आज त्याच गोठ्यात पाहुण्यांचं जेवणघर असतं, आणि भिंतीत दगडी गव्हाण तशीच ठेवलेली असली की ते दालन कशाचं होतं हे लगेच उमगतं.

ही व्यवस्था फार जुनी आहे आणि तिचा शेवट मात्र अगदी अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांनी चळवळी केल्या. १९४७ साली त्यांचा वाटा निम्म्यावरून ५३ टक्क्यांवर गेला, १९६४ च्या कायद्याने तो ५८ टक्के झाला आणि त्याच कायद्याने नवे अर्धेलीचे करार करायला बंदी घातली. उरलेले करार खंडात बदलायची तरतूद १९८२ साली झाली. पण कायदा पुरता लागू व्हायच्या आधीच माणसं निघून गेली होती. कारखान्यात पगार होता, शहरात नळ होता, वीज होती. पन्नास-साठच्या दशकांत हजारो घरं ओस पडली. ओसाड पडलेल्या शेतांवर सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ कळप घेऊन आले, आणि पिएन्झा गावचं जे मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज आज कौतुकाने विकत घेतात, त्यामागे या बाहेरून आलेल्या माणसांचे कष्ट आहेत.

सिएनाच्या दक्षिणेचं व्हाल दोर्चा म्हणजे ओर्चा नदीचं खोरं हा देखावा माणसांनी घडवला याचा सर्वांत स्पष्ट दाखला आहे, आणि मी सुचवतो ते खोरंही हेच. २००४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो शेतीच्या देखाव्यासाठी. अशा देखाव्यामागची चांगल्या कारभाराची कल्पना जमिनीवर कशी उतरते, हे चौदाव्या शतकात अम्ब्रोज्यो लोरेंझेत्ती या चित्रकाराने सिएनाच्या नगरभवनाच्या भिंतीवर रंगवलं. काळ १३३८-३९. तटबंदीच्या दाराकडे डुकराला हाकत नेणारा शेतकरी, नांगरट, मळणी, मालाने लादलेली खेचरं असं सगळं त्यात आहे, आणि वर हवेत सुरक्षिततेची देवता एका हातात फासाचा खांब धरून. समोरच्या भिंतीवर वाईट कारभाराचा मुलूख आहे, आणि तिथे शेतं उजाड पडली आहेत. शेताची कळा राज्यकर्त्यावर अवलंबून असते, हे त्या काळच्या सिएनाकरांना नीट समजलेलं होतं. दहा वर्षांच्या आत प्लेग आला आणि ते शहर पुन्हा तसं उभं राहिलं नाही.

याच खोऱ्यात ला फोचे नावाच्या वाडीजवळ सुरूंच्या रांगेतून वळणं घेत टेकडी चढणारा एक रस्ता आहे. दिनदर्शिकांवर आणि पोस्टकार्डांवर तो इतका छापला गेला आहे की पाहणाऱ्याला तो मध्ययुगीन वाटतो. प्रत्यक्षात तो शंभर वर्षांचाही नाही. आयरिस आणि अंतोन्यो ओरिगो या दांपत्याने १९२४ साली इथली धुपून गेलेली, पांढरट चिकणमातीची जमीन विकत घेतली. बांधबंदिस्ती केली, घरं दुरुस्त केली, शाळा आणि दवाखाना काढला, रस्ते केले. तिथे राबणारी कुटुंबंही अर्धेलीचीच होती, हे विसरायचं कारण नाही. मालकांच्या चांगुलपणाने हिश्शाचं गणित बदलत नव्हतं. १९४४ च्या जूनमध्ये लढाई दारात आल्यावर आयरिस ओरिगो आश्रयाला आलेल्या मुलांना घेऊन तोफांच्या आवाजात मोंतेपुल्चानो गावापर्यंत चालत गेल्या. असा हा रस्ता. फोटो काढायला दोन मिनिटं पुरतात, आणि एवढी माहिती असली तर तिथे अर्धा तास उभं राहावंसं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, आम्ही चार दिवस आनंदाला जातो. तिथे कुळांची दुःखं कशाला उगाळायची? शंका रास्त आहे. पण माहितीने आनंद कमी होतो, हे मला मान्य नाही. एक साधी गोष्ट घ्या. ऑलिव्हच्या बागेत बुंध्याशी वाकून पाहिलं, तर पुष्कळ ठिकाणी एका जाड खोडाऐवजी जुन्या खुंटातून फुटलेली तीन-चार बारीक खोडं दिसतात. १९८५ च्या जानेवारीत टस्कनीत विलक्षण कडाका पडला आणि ऑलिव्हची असंख्य झाडं गोठून मेली. शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत तोडली. मुळं जिवंत होती, त्यांना पुन्हा धुमारे आले. ज्याला हे ठाऊक आहे त्याला ती बाग अधिक सुंदर दिसते. शिवाय तिथल्या लोकांनाही आपला भूतकाळ लपवायचा नाही. मोंतिक्येल्लो या चिमुकल्या गावचे रहिवासी १९६७ पासून दर उन्हाळ्यात आपलं नाटक स्वतः रचतात आणि गावच्या चौकात स्वतःच करतात. अर्धेलीची शेती, युद्ध, ओस पडत चाललेलं गाव हेच त्यांचे विषय. ते ज्या गोष्टी चौकात उभं राहून बोलतात, त्या पाहुण्याने ऐकल्या तर बिघडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे. आयुष्यात एकदाच जाणार, मग पिसा सोडायचं कसं? मला या भावनेची कदर आहे. लाखो रुपये खर्चून, म्हाताऱ्या आईवडिलांची सोय लावून, रजा साठवून माणसं जातात. पण पिसाला फ्लॉरेन्सहून रेल्वेने तासाभरात जाता येतं आणि अर्ध्या दिवसात परतता येतं. सिएनालाही थेट बस आहे. खोऱ्यातल्या शेतांना मात्र रेल्वेचा उपयोग नाही, तिथे गाडीच लागते. म्हणून भाड्याच्या गाडीचा महागडा दिवस तिथेच वापरावा. जिथे रेल्वे जाते तिथे गाडीने जाणं हीच खरी उधळपट्टी.

इथे गटाचा फायदा दिसतो. आठ जण आणि चालक, एवढ्यांची लहान गाडी मातीच्या पांढऱ्या रस्त्यांवरून शेतापर्यंत जाते. पन्नास जणांची बस जात नाही. चालकासह गाडी घेतली की परक्या रस्त्यांची, दंडाची आणि वाइन चाखल्यानंतर गाडी कोण चालवणार याचीही काळजी मिटते. खर्च आठ ठिकाणी वाटला जातो. आणि मित्रांत एखादा शेती जाणणारा निघतो, एखादीला स्वयंपाकाचं कळतं, कुणाला बांधकामाचं. एकाच खळ्यावर उभं राहून ते वेगवेगळं पाहतात आणि एकमेकांना सांगतात. कामाची जाण असणाऱ्या अशा माणसांना मार्गदर्शकाची पाठ केलेली वाक्यं कमीच लागतात.

पर्यटकांमुळे खेडी बिघडतात, हा तिसरा आक्षेप. फ्लॉरेन्सच्या गर्दीकडे पाहता तो खोटा म्हणता येणार नाही. पण इटलीने यावर विचारपूर्वक उपाय केला आहे. १९८५ साली ‘आग्रितुरिझ्मो’चा कायदा झाला. शेतकऱ्याने पाहुण्यांना राहायला-जेवायला द्यावं, पण शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, अशी अट त्याने घातली. ओस पडलेली कितीतरी घरं या कायद्याने पुन्हा नांदती झाली. तेव्हा दुपारचं जेवण चौकातल्या हॉटेलात न घेता अशा शेतावर घ्यावं. पैसा जमीन कसणाऱ्याच्या हातात पडतो. शाकाहारी मंडळींनी धास्ती बाळगू नये. ताजी पिची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, लसूण-टोमॅटोचा रस्सा, शिळा पाव आणि घेवड्याची दाट रिबोल्लिता, हे कुळांच्या घरचंच अन्न आहे. पाव अळणी असतो, तो तसाच खायची तिथली रीत. फक्त पेकोरिनोत बहुधा प्राणिज रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य असतं, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या.

दिवसाची आखणी मग सोपी होते. सकाळी सिएनाच्या दक्षिणेला बुओन्कोन्व्हेन्तो इथे थांबावं; तिथे अर्धेलीच्या शेतीचंच संग्रहालय आहे, अवजारं आणि घरातलं सामान पाहायला मिळतं. तासाभरात सगळं पाहून होतं आणि पुढचा दिवस उलगडायला लागतो. मग शेतावरचं जेवण, बागेत फेरफटका, दुपारी ला फोचेचा रस्ता आणि मोंतिक्येल्लो, आणि वेळ उरला तर पिएन्झा. एप्रिल-मेमध्ये गहू हिरवा असतो, जूनअखेर-जुलैत कापणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची तोडणी. ऑगस्टमध्ये कापून ठेवलेल्या रानाकडे पाहून निराश होणाऱ्यांनी शेती कधी पिकते याचा विचार तिकीट काढतानाच करावा.

ज्यांचा मुक्काम पेरुजा शहराकडे असेल त्या मराठी मंडळींना मात्र मी दुसरी दिशा सुचवीन. तिथून तासाभराच्या आत मोंतोने हे टेकडीवरचं गाव आहे. १९४४ च्या जुलैमध्ये तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच टेकड्यांवर मराठा लाइट इन्फंट्री लढत होती. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे जवान १० जुलैला मशीनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले, ते ठाणं त्यांनी मोडलं आणि तिथेच गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेत २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. इथले शेतकरीही त्या युद्धाचे वाटेकरी होते. इटलीने १९४३ च्या सप्टेंबरात युद्धविराम केल्यावर कैदी-छावण्यांतून निसटलेल्या दोस्त सैनिकांना इटलीतल्या कितीतरी शेतकरी कुटुंबांनी जिवावर उदार होऊन आसरा दिला, आणि त्या सैनिकांत आपले हिंदी जवानही होते. मोंतोने नेहमीच्या कार्यक्रमांत नसतं, म्हणून गाडी ठरवतानाच चालकाला तसं सांगून ठेवावं लागेल.