गुण नसलेली तासिका

निवृत्तीनंतर मी दिल्लीत राहतो, म्हणून उदाहरण इथलंच देतो. 2 जुलै 2018 ला दिल्ली सरकारने दलाई लामांच्या उपस्थितीत सरकारी शाळांसाठी ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू केला. नर्सरी ते आठवीपर्यंत ही तासिका होती. थोडा वेळ श्वासाकडे लक्ष द्यायचं, मग गोष्ट किंवा खेळ, आणि त्यावर मुलांनी बोलायचं, असं तिचं स्वरूप होतं. परीक्षा नव्हती, गुण नव्हते.

नावाची थट्टा झाली. मलाही ते नाव आवडत नाही. आनंद काही टाइमटेबलात बसत नाही. पण आतलं काम फौजी माणसाच्या ओळखीचं आहे.

जवान रजेवरून परतला की कंपनी कमांडर त्याला बोलावून घेतो. घरी ठीक? जमिनीचा वाद मिटला? वडिलांचं ऑपरेशन झालं? यात माया असते, तशी गरजही असते. ज्याच्या डोक्यात घरचं भांडण चालू आहे, त्याच्याच हाती रात्री भरलेली रायफल द्यायची असते. तो गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असं धरून चालत नाही. शिवाय सैनिक संमेलन असतं, तिथे जवान उभा राहून तक्रार मांडू शकतो. साहेब स्वभावाने कसाही असो, ही पद्धत चालतेच.

वर्गात मात्र गप्प बसणारं पोर गुणी ठरतं. रात्री घरात मारहाण झालेली असते आणि सकाळी फळ्यावर अपूर्णांक. पोर बघतंय, पण डोक्यात काही शिरत नाही. आपण म्हणतो, गणितात कच्चा आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सामाजिक-भावनिक विकासाचा उल्लेख आहे. कागद तयार आहे. पण पोर्शन मागे पडला की पहिल्यांदा अशीच तासिका जाते, पीटीची जाते तशी. काही जण सुचवतात, गुण ठेवा म्हणजे शाळा गंभीरपणे घेतील. मला हे मुळीच पटत नाही. उद्या मुलं दयाळूपणाचंही आदर्श उत्तर पाठ करतील.

आणखी एक. मुलाने वर्गात सांगितलेलं स्टाफरूममध्ये चघळलं गेलं, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. जवानही उघडत नाही.

पालकसभेला जाल तेव्हा मार्कांच्या आधी विचारा : या आठवड्यात अशी तासिका झाली का? माझं मूल बोललं का? काय बोललं, ते मात्र विचारू नका.