खाटेचे चार कोपरे
(संत अगाथेच्या सणाच्या दिवशी, 5 फेब्रुवारीस, आपल्या मंदिरात झालेले भाषण)



सिसिली बेटावरील कुमारिका संत अगाथा हिने 3 ऱ्या शतकात ख्रिस्ताकरिता स्तनच्छेद सोसला, अशी परंपरा आहे. म्हणूनच स्तनविकाराने पीडित स्त्रिया तिच्या मध्यस्थीची याचना करतात. ज्या दुखण्याचे नाव पवित्र ख्रिस्तसभा शतकानुशतके घेत आली, ते घेण्यास आम्ही मात्र संकोचलो. आणि त्या संकोचाचे मोल एका भगिनीस द्यावे लागले. तिच्याच अनुज्ञेने हे सांगत आहो.

काही वर्षांपूर्वी ती आशीर्वाद मागण्यास आली. छातीत गाठ आहे, दुखत मात्र नाही, असे खाली पाहून म्हणाली. आम्ही तिच्या मस्तकी हात ठेवला, हरेगावच्या मतमाउलीस नवस करण्यास सांगितले व तिला घरी धाडले. 'डॉक्टरकडे जा' हे दोन शब्द आमच्या मुखातून निघाले नाहीत. सप्टेंबरातील यात्रा होईपर्यंत ती थांबली. तोवर रोग काखेत पोहोचला होता. वैद्यासही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, हे बेनसिराच्या ग्रंथातील वचन आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. ऐन वेळी विसरलो.

मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्य आठवा. चौघांनी त्याची खाट उचलली, छप्पर उकलले व त्यास प्रभूपुढे सोडले. प्रभूने पाहिली ती त्या वाहून आणणाऱ्यांची श्रद्धा. आमच्या भगिनीच्या खाटेसही चार कोपरे धरणारे लाभले. पतीने उसाचा पैसा उपचारार्थ राखला व मुंबईच्या प्रत्येक खेपेस सोबत केली. जावेने तिची चूल व गुरे सांभाळली. औषधांनी केस गळाले तेव्हा सासूने स्वतः तिच्या मस्तकी पदर घातला व हात धरून तिला मिस्सास आणले. शस्त्रक्रियेनंतर हात वर होईना, तेव्हा धाकटा मुलगा भिंतीवर कोळशाने रोज खूण करी: आई, आज बोटे येथवर आली!

मुंबईत परळ येथे 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे ज्यांनी कर्करोग्यांची सेवा केली ते शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस आपल्याच ख्रिस्तसभेचे सुपुत्र. तेथील रस्ता त्यांचे नाव धारण करतो. ह्याच रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखांवर स्त्रियांचा 20 वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांस प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर 2 वर्षांनी केवळ हातांनी तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तपासलेल्यांपैकी 50 वर्षांवरील स्त्रियांत ह्या रोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा भगिनींनो, गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आले, तर दुखण्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांस दाखवा. नवस अवश्य करा, पण डॉक्टरांकडे जाता जाता करा. बंधूंनो, हा रोग स्पर्शाने होत नाही आणि तो पापाचा दंडही नव्हे. पत्नीचे ताट वेगळे करू नका. तिने सांगावे म्हणून तुम्ही आधी विचारा.

ती भगिनी आज ह्याच मंदिरात आपणांसह प्रार्थना करीत आहे. ज्युबिलीनिमित्त आम्ही मंदिराच्या भिंती रंगविल्या. तिच्या घरची कोळशाच्या खुणांची भिंत मात्र तशीच ठेवावी, अशी आमची तिच्या कुटुंबास विनंती आहे. परमेश्वर आपणां सर्वांस एकमेकांची खाट वाहण्याचे बळ देवो. आमेन.