घरपट्टी आणि घरमालक



वसंत ऋतूत पुणेकरांच्या दारी दोन कागद न चुकता येतात. एक व्याख्यानमालेची कार्यक्रमपत्रिका आणि दुसरा महानगरपालिकेचे घरपट्टीचे बिल. पहिला कागद आपण बारकाईने वाचतो, विषयांवर खुणा करतो, वक्त्यांविषयी मतेही देतो. दुसऱ्याच्या फक्त शेवटच्या आकड्यावर नजर टाकतो, एक सुस्कारा सोडतो आणि तो कपाटात ठेवून देतो. हा दुसरा कागदही आपण पहिल्याइतक्याच चिकित्सेने वाचावा, एवढीच आमची आजची विनंती आहे.

कर देणे कोणालाच आवडत नाही, आणि आवडावे असा आमचा आग्रहही नाही. परंतु घरपट्टी हा इतर करांहून निराळा कर आहे. प्राप्तिकर दूर दिल्लीस जातो. वस्तू व सेवा कर साबणाच्या वडीच्या किमतीत दडून बसतो. घरपट्टी मात्र आपण उघड्या डोळ्यांनी देतो, आणि तिचे काय झाले हे उंबरठ्यावर उभे राहून पाहू शकतो. कोपऱ्यावरचा दिवा लागला की नाही, घंटागाडी आली की नाही, नळाला पाणी किती वेळ होते, हा या कराचा रोजचा जमाखर्च आहे. तो तपासायला हिशेबतपासनीस लागत नाही.

शिवाय आता या कराचे वजनही वाढले आहे. पूर्वी आपल्या नगरपालिका मुख्यतः जकातीवर चालत. पुण्यातील जकात २०१३ साली गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली. जकातनाके गेले याचे दुःख कोणी करू नये. परंतु त्यांच्याबरोबर शहराचे स्वतःचे एक मोठे उत्पन्नही गेले आणि त्याच्या भरपाईसाठी राज्य शासनाकडे पाहणे नशिबी आले. शहराने स्वतः ठरवावे आणि स्वतः वसूल करावे असे जे थोडे उरले, त्यात घरपट्टी प्रमुख आहे. जी संस्था खर्चासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहते, तिचे स्वराज्य कागदावरचेच असते.

आता हा कर ठरतो कसा ते पाहू. पुण्यासारख्या शहरांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याची जुनी कसोटी अशी, की हे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती यावे? ‘आम्ही स्वतःच राहतो, भाडे कोठले?’ असा प्रश्न घरोघर विचारला जातो. कायद्याचे उत्तर असे, की भाडे घेतले की नाही हे आम्ही विचारत नाही, येऊ शकले असते किती ते विचारतो. त्या वार्षिक भाड्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी १० टक्के वजा करून जी रक्कम राहते ती करपात्र मूल्य, आणि त्या मूल्यावर निरनिराळ्या करांचे शेकडेवारी दर बसतात. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भाड्याऐवजी जागेचे भांडवली मूल्य धरतात, आणि त्यासाठी शासनाच्या रेडी रेकनरमधील दरांचा आधार घेतात. पद्धत कोणतीही असो, तीन गोष्टी सारख्याच राहतात : क्षेत्रफळ, मूल्य आणि दर.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. यातील आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, सदनिका ६०० चौरस फुटांची आहे आणि भाड्याचा दर चौरस फुटाला महिना ४ रुपये धरला आहे. महिन्याचे झाले २,४०० रुपये, वर्षाचे २८,८००. १० टक्के, म्हणजे २,८८० वजा केले की करपात्र मूल्य राहिले २५,९२०. सर्व करांची बेरीज ४० टक्के धरली, तर बिल १०,३६८ रुपयांचे. हा हिशेब चौथीच्या मुलालाही यावा. आता समजा, वहीत क्षेत्रफळ ६०० ऐवजी ६९० लिहिले गेले. मागणी वर्षाला १,५५५ रुपयांनी वाढली आणि दहा वर्षांत साडेपंधरा हजारांवर गेली. ही वाढ कोणी ठरावाने केली नाही, कोणी तिच्यासाठी मत दिले नाही. ती एका आकड्याने केली, आणि तो आकडा कोणी वाचला नाही म्हणून ती टिकली.

बिलाच्या मधल्या रकान्यांकडेही पाहावे. सर्वसाधारण कर, पाणी, मलनिःसारण, साफसफाई, अग्निशमन, वृक्ष अशा ओळी तेथे दिसतील. त्यांत एक शासनाचा शिक्षण उपकरही असतो. तो १९६२ च्या राज्याच्या कायद्याचा आहे. महानगरपालिका तो केवळ गोळा करून देते. त्याच कायद्याखालचा रोजगार हमी उपकर दुकाने-कचेऱ्यांसारख्या बिगरनिवासी जागांवर असतो. आपल्या राहत्या घराच्या बिलात तो दिसला, तर घराची नोंद बिगरनिवासी झाली आहे काय, हे त्याच दिवशी जाऊन पाहावे.

मग प्रश्न येतो शेजाऱ्याचा. एकाच गल्लीत जुना वाडा आणि नवी इमारत असते. रस्ता एक, नळ एक, घंटागाडी एक. पण दोन्हीकडच्या पट्टीत जमीनअस्मानाचे अंतर. असे का? भाडेनियंत्रणाच्या कायद्याखाली जे प्रमाणभाडे ठरते त्यापलीकडे करासाठी वार्षिक भाडे धरता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. वाड्याचे भाडे गोठलेले, म्हणून त्याची पट्टीही गोठलेली. तेव्हा वाडेवाल्याने काही लबाडी केली असे समजू नये. त्याच्या हातीही भाडे तुटपुंजेच येते. पण शहराचा वाढता खर्च नव्या घरांवर अधिक पडतो हेही खरे. हे न्यायाचे आहे काय? आमच्या मते नाही. परंतु या अन्यायाबद्दल करखात्याच्या कारकुनाशी भांडण्यात अर्थ नाही; त्याचा उपाय कायदा करणाऱ्यांकडे आहे. कोणते गाऱ्हाणे कोणापुढे न्यावे एवढे कळले, तरी निम्मे काम होते.

चुकीच्या आकारणीचे गाऱ्हाणे मात्र खात्यापुढेच न्यावे. घराची प्रथम आकारणी होते किंवा मूल्य वाढवले जाते तेव्हा नोटीस येते आणि हरकतीस मुदत मिळते. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी, सुनावणीस जावे. तेथे समाधान झाले नाही तर अधिनियमाच्या कलम ४०६ प्रमाणे न्यायालयात अपील आहे. त्याची मुदत केवळ १५ दिवसांची, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. ‘कर भरत नाही, कोर्टात पाहून घेईन’ ही भाषा कट्ट्यावर शोभते, न्यायालयात चालत नाही.

सवलतीही मागणाऱ्यालाच मिळतात. मालक स्वतः राहतो अशा घराला ४० टक्के सवलत देण्याचा प्रघात पुण्यात १९७० पासून होता. मध्यंतरी शासनाने तो थांबवला आणि २०२३ साली पुन्हा सुरू केला. ज्यांची सवलत गेली होती त्यांना अर्ज आणि पुरावे देण्यास सांगण्यात आले. ज्यांनी बिल वाचले त्यांनी अर्ज केले. ज्यांनी नुसते भरले त्यांनी जास्त भरले.

घर विकत घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. पहिली, घरपट्टीची थकबाकी माणसावर नव्हे, घरावर बसते. शासनाचा जमीनमहसूल वगळता कायद्याने तिचा बोजा त्या मिळकतीवर पहिला आहे. मागच्या मालकाने दहा वर्षे पट्टी थकवली असेल, तर वसुलीवाले नव्या मालकाचे दार ठोठावतील. म्हणून खरेदीखतापूर्वी थकबाकी नसल्याचा दाखला पाहावा, आणि खरेदीनंतर तीन महिन्यांच्या आत हस्तांतराची नोटीस देऊन नाव लावून घ्यावे. दुसरी, नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. पट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. खेड्यात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्याबद्दलही हाच गैरसमज आहे, आणि त्यापायी भावाभावांत दावे चालले आहेत.

थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती बसते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कोणत्याही शहाण्या माणसाने या दराने कर्ज काढू नये. पण नगरसंस्थाच अधूनमधून अभय योजना काढतात आणि शास्ती मोठ्या प्रमाणात माफ करतात. मग एप्रिलमध्ये रांगेत उभा राहून पट्टी भरणारा मनुष्य आपण मूर्ख ठरलो काय असे स्वतःला विचारू लागतो. त्या प्रश्नात नगरसंस्थेचा तोटा आहे. तिजोरीत थोडी रक्कम आली, पण प्रामाणिकपणाची किंमत उतरली. आणि ती एकदा उतरली की कोणत्याही ठरावाने चढत नाही.

शेवटी मुख्य गोष्ट सांगतो. बिल एप्रिलमध्ये येते, पण कर एप्रिलमध्ये ठरत नाही. पुढील वर्षाचे दर सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत असा कायदा आहे. त्या वेळी आपण कोठे असतो? पुणे महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे निवडणूक झाली नाही. सभेच्या जागी प्रशासक होता. त्या काळात बिले मात्र येत राहिली, आणि सभा नाही याची चुकचुक बिलाच्या आकड्याइतकी कोणाला लागली नाही.

याच पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा फुले १८७६ पासून सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून नगरपालिकेने त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून जोतीरावांनी विरोध केला. पैसा लोकांचा आहे हे त्यांनी भर सभेत सांगितले. आज ते सांगण्याची जबाबदारी सभागृहातल्या सभासदांइतकीच आपली आहे. परंतु आपण किती दिले आणि कशासाठी दिले हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ‘आमच्या पैशाचे काय केले?’ असे कोणत्या तोंडाने विचारावे?

म्हणून घरी गेल्यावर तो कागद कपाटातून काढावा. क्षेत्रफळ मोजावे, वापराची नोंद पाहावी, नाव वाचावे, बेरीज करावी. बरोबर असेल तर मुदतीत भरावे. चूक असेल तर लेखी हरकत द्यावी. आणि येत्या फेब्रुवारीत आपल्या नगरसेवकाला एकदा गाठून विचारावे, की यंदा दर काय ठरवणार, आणि कशासाठी?