पेटी सोपी, पावती अवघड

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी दिव्याला राहतो. मुंब्रा आणि डोंबिवलीच्या मधले जंक्शन. बाप कोरडवाहू कापूस-ज्वारीवाला, मी संगणकावर पोट भरणारा. आमच्या चाळीत तुमच्याच गावांची पोरे आहेत. कुणी गोदामात, कुणी रिक्षावर, कुणी रखवालीवर. गावात कुणी कर्जापायी जीव दिला की त्यांच्याकडे फोन येतो आणि पन्नास-शंभर करत पैसे गोळा होतात. पण त्या घरातल्या पोरीची फी भरली गेली का, हे पुढे कुणी सांगत नाही. दोनदा लोक देतात. तिसऱ्यांदा विचारतात, "मागच्याचे काय झाले?"

या एका प्रश्नापायी आम्ही एका छोट्या नोंदणीकृत संस्थेसाठी इंटरनेटवर देणगी घ्यायची सोय बांधली. तुमच्या जिल्ह्यातही तशी सोय करायचा विचार आहे, म्हणून आमचे काय जमले आणि काय चुकले ते सांगायला आलो आहे.

आधी मनातली शंका काढून टाकतो. आपण म्हणतो, भीक नको, घामाचे दाम हवे. मग ही झोळी कशाला? भावांनो, दामाची लढाई देणगीने जिंकता येत नाही, आणि तसे कुणी सांगितले तर ऐकू नका. पण लढाई चालू असताना पोरीची शाळा थांबत नाही. आणि वर्गणी म्हणजे भीक नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा मागून पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घराघरातल्या बायांनी मूठ मूठ धान्य दिले. भीक आणि वर्गणी यांत फरक एकच. भिकेचा हिशेब कुणी मागत नाही, वर्गणीचा मागतात.

आता कामाचे बोलू. मोबाइलवरून पैसे घेणे आज अवघड राहिलेले नाही. २०१६ साली यूपीआय आले, तेव्हापासून भाजीवालाही चौकोनी ठिपक्यांचा कागद टांगून बसतो. तसा कागद आपणही टांगू शकतो. पण ती झाली नुसती पेटी. कुणी टाकले, कशासाठी टाकले, पावती गेली का, याचा पत्ता नाही. पेटी एका दिवसात होते. पावतीपुस्तकाला आम्हाला तीन महिने लागले.

पहिली चूक ऐका. पान खुले केल्यावर दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी लोकलमध्ये बसून ५०१ रुपये पाठवले. गाडी दिव्याहून सुटली आणि मोबाइलची रेंज गेली. पडद्यावर आले, 'व्यवहार झाला नाही'. त्यांनी पुन्हा पाठवले. खात्यातून १००२ गेले, पावती आली ५०१ ची. बाई भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाबा, तुझ्याकडेही काटा मारतात का?" ते वाक्य मला आजही टोचते.

चूक कुठे होती? पैसे पोहोचले की नाही हे आम्ही देणाऱ्याच्या मोबाइलला विचारत होतो. कापूस मोजला की नाही हे काट्याला न विचारता रस्त्यात अडकलेल्या गाडीवानाला विचारण्यासारखे ते झाले. मग दुरुस्ती केली. देणारा बटण दाबतो त्याच क्षणी, पैसे निघायच्या आधी, त्या देणगीला एक क्रमांक पडतो. पैसे जमा झाले की मधली पेमेंट कंपनी आमच्या संगणकाला परस्पर निरोप देते. निरोप खरोखर तिचाच आहे, हे गुप्त सहीवरून तपासले जाते. तोच निरोप दोनदा आला तरी एका क्रमांकाची पावती एकच निघते. निरोप यायचा असेल तोवर पडद्यावर 'झाले नाही' असे येत नाही, 'तपास चालू आहे, पुन्हा पाठवू नका' असे येते. आणि रोज रात्री कंपनीचा हिशेब, बँकेचा उतारा आणि आमची वही, तिन्ही ताडून पाहतो. बाईंचे जास्तीचे ५०१ त्याच वाटेने परत केले.

दुसरी गोष्ट कपातीची. हमाली, तोलाई, आडत तुम्हाला शिकवायला नको. इथेही कपात आहे. कार्डावरून १००० रुपये आले आणि कंपनीने २ टक्के घेतले असे धरा. २० रुपये तिचे, त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ६० पैसे. हातात ९७६ रुपये ४० पैसे. पावती मात्र १००० चीच द्यायची आणि २३.६० खर्चात दाखवायचे. उरलेले लपवले तर आपण आणि आडत्या यांत फरक काय?

तिसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. म्हणून आधी नोंदणी, मग संगणक. करसवलतीची मान्यता असलेल्या संस्थेने देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला कळवून त्यांना प्रमाणपत्र द्यावे, असा नियम २०२१-२२ या वर्षापासून लागू झाला. म्हणून पॅन क्रमांकाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. परदेशी नागरिकाचे पैसे मात्र घेऊ नका. त्यासाठी केंद्राची वेगळी परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. आम्ही परदेशी कार्डे बंदच ठेवली.

चौथी गोष्ट, सातबारा. इंटरनेटवरच्या पत्त्यालाही मालक असतो आणि त्याची मुदत ठरावीक वर्षांनी वाढवावी लागते. तो पत्ता काम करणाऱ्या पोराच्या नावावर राहिला तर पोरगा नोकरी बदलून गेला की जमीनही गेली. पत्ता संस्थेच्या नावावर, खाते संस्थेच्या नावावर, आणि किल्ल्या दोघांकडे. एकट्याला पैसे हलवता येऊ नयेत, मग तो कितीही भला असो.

पान खुले करायची घाई करू नका. कंपनी चाचणीसाठी खोटे व्यवहार करायची सोय देते, आधी त्यावर करा. मग आपल्याच दहा माणसांनी खरा एकेक रुपया पाठवा. एकाने मध्येच मोबाइल बंद करावा, एकाने दोनदा दाबावे, एकाने पैसे परत मागावेत. दहाही रुपयांचा हिशेब वहीत बरोबर उतरला तरच पत्ता लोकांना सांगा.

आणि सांगाल तेव्हा सावध राहा. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी निघाला, तेव्हा खऱ्या यूपीआय पत्त्यातले एकच इंग्रजी अक्षर, 'एस', गाळून ठगांनी खोटा पत्ता फिरवला. देशाच्या पंतप्रधानांच्या नावाने हे होते, तर आपले काय? म्हणून आपला पत्ता या पत्रकात छापा, शाखेच्या फलकावर रंगवा. लोकांना सांगा, फिरत आलेल्या निरोपावर विश्वास ठेवू नका. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागणारा चोर समजा.

दिव्याहून एक रूळ वसईला जातो, एक पनवेलला. गाडी तीच, माणसे तीच. सांधा चुकला तर भलत्याच गावी. आमच्या पोराने रात्रपाळी करून दिलेले पन्नास रुपये त्या पोरीच्या शाळेपर्यंतच जायला हवेत. तो सांधा सांभाळणे एवढेच हे काम आहे.

शेवटी एक मागणी. हिशेब फक्त इंटरनेटवर ठेवू नका. तिथे दिव्याचा पोरगा तो पाहील, पण ज्या घराच्या नावाने पैसे आले ती माउली कदाचित पाहणार नाही. दर तीन महिन्यांनी किती आले, किती कापले, कुणाला किती दिले, हे कागदावर उतरवून गावात वाचून दाखवा. हे कबूल असेल तरच पेटी उघडायचा ठराव करा. नसेल तर आज ठराव करू नका. वर्षभर थांबलो तर काही बिघडत नाही. विश्वास एकदा गेला, तर आपल्या पाठीमागून येणाऱ्यांनाही कुणी एक रुपया देणार नाही.