टीना टर्नरचा खरा बहर कोणता?



कलाकाराचा बहर कधी असतो, यावर लोक हिरिरीने भांडतात. सुरुवातीची गाणी खरी, नंतर नुसती जुनी पुण्याई, असं पुष्कळांचं म्हणणं असतं. बाईच्या बाबतीत तर हा हिशोब फारच लवकर मिटवतात. तिशी-पस्तिशी ओलांडली की हिचं संपलं! आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे, तिच्यावरून हा वाद ती गेल्यानंतरही चालू आहे. तिचं नाव टीना टर्नर. अमेरिकेतली रॉक गायिका. रॉक म्हणजे गिटार आणि ड्रमच्या दणदणीत तालावरचं गाणं.

टीना जन्मली १९३९ साली, टेनेसी राज्यात, आणि वाढली तिथल्या नटबुश भागात. कृष्णवर्णीय, शेतात राबणाऱ्यांचं घर. लहानपणी तिनंही कापूस वेचलेला. खरं नाव ॲना मे बुलक. आईक टर्नर नावाच्या वादकाच्या बँडमध्ये ती गाऊ लागली आणि १९६० साली पहिलं गाणं गाजलं. ‘टीना टर्नर’ हे नाव आईकनंच ठेवलं आणि त्याची नोंदणीही स्वतःच्या हाती ठेवली. ही सोडून गेलीच, तर दुसरी कुणी त्याच नावानं उभी करता यावी म्हणून. पुढे दोघांचं लग्न झालं.

पहिला बहर खरा म्हणणारे याच काळाकडे बोट दाखवतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. १९६६ सालचं ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ ऐका. एवढा मोठा वाद्यमेळ, आणि तिचा एकटीचा आवाज त्याच्यावर स्वार होतो. ते अमेरिकेत चाललं नाही, पण इंग्लंडमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात आईकनं काहीच वाजवलं नव्हतं, तरी तबकडीवर नाव दोघांचं, तेही आधी आईकचं. १९७१ मध्ये ‘प्राउड मेरी’ गाजलं. १९७३ मध्ये आपल्या गावावरचं ‘नटबुश सिटी लिमिट्स’ तिनं स्वतः लिहिलं. नंतर दुसऱ्यांनी लिहिलेली गाणीच तिनं जास्त गायली, हाही या बाजूचा मुद्दा.

आता याच काळाची दुसरी बाजू. कार्यक्रम, पैसा, निर्णय सगळं आईकच्या हातात. घरात मारहाण. ओठ सुजलेला असला तरी संध्याकाळी मंचावर उभं राहायचं. १९७६ च्या जुलैमध्ये डॅलस शहरातल्या हॉटेलातून ती पळाली. जवळ होते ३६ सेंट, म्हणजे आपली चिल्लर म्हणा, आणि पेट्रोलपंपाचं एक कार्ड. घटस्फोट १९७८ मध्ये झाला. मालमत्तेवरचा हक्क तिनं जवळजवळ सगळा सोडला. एक गोष्ट मात्र हट्टानं मागून घेतली, ती म्हणजे ‘टीना टर्नर’ हे नाव.

नाव मिळालं, पण डोक्यावर कर्ज होतं. ठरलेले कार्यक्रम अर्धवट सुटले, त्याचा भार तिच्यावर आला. शिवाय चार मुलं. काही वर्षं ती हॉटेलांतून, टीव्हीच्या कार्यक्रमांतून गात राहिली. संगीताच्या धंद्यातल्या अनेकांनी तिला जुनी झालेली धरलं.

मग १९८४ साल आलं. ‘प्रायव्हेट डान्सर’ हा तिचा अल्बम निघाला. त्यातलं ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा टीना ४४ वर्षांची होती. गंमत म्हणजे हे गाणं तिला आधी आवडलंच नव्हतं. पुढच्या वर्षी ग्रॅमी हा तिथला मोठा पुरस्कार तिला तीन वेळा पुकारून दिला. १९८८ मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या मैदानात तिला ऐकायला सुमारे १ लाख ८० हजार माणसं जमली.

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीनंतर मी १९६६ चं आणि १९८४ चं अशी दोन्ही गाणी मोबाइलवर लावली. शब्द फारसे कुणाला कळले नाहीत. एक काकू म्हणाल्या, “पहिल्यात जीव ओतलाय. दुसरं गुळगुळीत वाटतं.” शेजारची सूनबाई म्हणाली, “पहिल्यात बाई ओरडून सांगतेय. दुसऱ्यात तिला ओरडायची गरजच नाही.” बराच वेळ कुणी माघार घेईना.

मला विचाराल, तर काकूंचे कान बरोबर आहेत. नुसता आवाज मोजायचा तर साठच्या दशकातली टीना भारी. ऐंशीच्या दशकातल्या तिच्या गाण्यांत यंत्रांची चकाकी जरा जास्तच आहे. पण बहर फक्त आवाजाचा मोजायचा का? झाडाला आंबे भरपूर लागले आणि सगळे दुसऱ्याच्या पाटीत गेले, तर आपण त्याला बाईचं चांगलं साल म्हणतो का? चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणासोबत गायचं, कोणतं गाणं घ्यायचं, आलेल्या पैशाचं काय करायचं, हे ती ठरवत होती. आवाजाला खरखर आली होती, पण त्या आवाजाची मालकीण आता ती होती. म्हणून माझं मत सूनबाईच्या बाजूनं.

शेवटचा मोठा दौरा तिनं २००८-०९ मध्ये केला, सत्तरीच्या उंबरठ्यावर. तिथं तिनं स्वतःच थांबायचं ठरवलं. २०२३ च्या मे महिन्यात, ८३ व्या वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या आपल्या घरी ती गेली.

तुमच्या गटातही कुणीतरी म्हणत असेल, “आता या वयात काय नवीन करायचं?” तिला ही दोन गाणी ऐकवा. मग दोन प्रश्न विचारा. तू सगळ्यात जास्त राबलीस ती वर्षं कोणती? आणि त्या राबण्याचा हिशोब तुझ्या हातात आला तो कधी? दोन्ही उत्तरं एकच निघाली तर आनंदच आहे. वेगळी निघाली, तर बहर अजून यायचा आहे असं समजा आणि पुढच्या बैठकीत तिच्या नावानं कर्जाचा अर्ज भरायला घ्या.